ब्रेकमास्तरची पाहुणी

मंगळवार, ४ ऑक्टोबर

आज जेवताना माझा उजवा पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर इतक्या जोरात आपटला की तिघांच्याही वाट्यांतलं सूप हिंदकळलं. यात नवीन काही नाही. गाडी शिकवणाऱ्या माणसाचा उजवा पाय त्याचा स्वतःचा राहत नाही. शिकवायच्या गाडीत माझ्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मी तो दाबतो. इतकी वर्षं दाबून दाबून आता पाय सोफ्यावर बसल्यावरही दाबतो, सिनेमातला नायक कड्याच्या दिशेने धावला तरी दाबतो. एकदा दाढी करून घेताना वस्तरा मानेपाशी आला तेव्हा दाबला होता, तर न्हावीच दचकून मागे सरकला.

आजचं निमित्त आमची कन्या. तिच्या शाळेने विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीसाठी तिची निवड केली आहे. म्हणजे परदेशातली एक मुलगी वर्षभर इकडे शिकणार, ती तर आलीसुद्धा आहे, आणि आमची जानेवारीपासून वर्षभर तिकडे. अदलाबदल मी आजवर टायरची करत आलो. मुलींचीही करतात हे आज कळलं.

"मुख्याध्यापिकाबाईंना सोमवारी उत्तर द्यायचंय, बाबा," कन्या म्हणाली.

"बघू," मी म्हणालो.

या घरात माझ्या "बघू"चा अर्थ सगळ्यांना पाठ आहे. तिने मान खाली घालून सूप संपवलं. ही काही बोलली नाही. बायको बोलली की मला बरं वाटतं, निदान कुठून हल्ला येतोय ते समजतं.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी नाही म्हणणार आहे. अठरा वर्षांची पोर, तिला अजून चढावर गाडी धड उभी करता येत नाही. गेल्या महिन्यात चाचणीत नापास झाली. अर्थात त्यात तिची चूक नव्हती, परीक्षकच खडूस होता. पण सोमवारपर्यंत नकार मऊ शब्दांत कसा द्यायचा ते शोधायला हवं.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

ती तिकडची मुलगी शनिवार-रविवार आमच्याकडे राहायला येणार आहे. ती ज्यांच्याकडे राहते ती मंडळी बाहेरगावी चालली आहेत. कन्या तिला गाव दाखवणार आहे. माझी ना नाही.

कन्या दोन दिवस फारच गोड वागते आहे. रुसवा नाही, दार आपटणं नाही. सकाळी विचारत होती, "बाबा, शनिवारी तुमचे शिकणारे कोण आहेत?" मी म्हणालो, दोघं होती, दोघांनीही नाही म्हणून कळवलं. "मग तुम्ही मोकळे," म्हणाली आणि माझ्या चहात आपणहून साखर घातली. बापाच्या विश्रांतीची इतकी काळजी तिला पहिल्यांदाच वाटली. पोरगी मोठी होते आहे.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

पाहुणी आली. दारातून वाकून आत आली इतकी उंच आहे. पायात नांगरटीला घालतात तसले बूट. आपली भाषा ती सहा महिने शिकली आहे म्हणे. सावकाश बोलते, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही, बातम्या सांगतात तशी. मला काका म्हणते. जेवण झाल्यावर स्वतःचं ताट उचललं, घासलं, मग माझंही घासायला घेतलं. कन्येने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मी तिला विचारलं, "घरची आठवण येते का?"

"रोज येते," ती म्हणाली. "चहा झाल्यावर येते. मग जाते."

एवढ्या लांब मुलीला एकटी पाठवणाऱ्या बापाचं काळीज कशाचं असेल, असं माझ्या मनात आलं. विचारलं नाही, पाहुणी आहे.

शनिवार, ८ ऑक्टोबर

घ्या. कन्या आजारी पडली.

सकाळी उठलो तर ती पांघरूण नाकापर्यंत ओढून पडलेली, आवाज पार बसलेला. नुसतीच खुणा करत होती. ही औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून घरात दवाखाना हिचाच. हिने थर्मामीटर लावला, खिडकीकडे तोंड करून पाहिला, झटकला आणि म्हणाली, "ताप आहे. आज घराबाहेर पाऊल टाकायचं नाही." मग एका लाल औषधाचे दोन चमचे पाजले. लहानपणी औषध म्हटलं की घर डोक्यावर घेणाऱ्या आमच्या कन्येने आज चमचासुद्धा चाटूनपुसून परत दिला. मला तिचं कौतुक वाटलं.

"मग पाहुणीला गाव कोण दाखवणार?" मी विचारलं.

"मला दुकानात जायचंय," ही म्हणाली. "आणि तुम्ही तर मोकळे आहात."

अशा रीतीने ते घोंगडं माझ्या गळ्यात पडलं.

पहिला घोटाळा दारातच झाला. मी सवयीने जाऊन माझ्या नेहमीच्या सीटवर बसलो आणि म्हणालो, "चला. पट्टा लावा, आरसा बघा." पाहुणी निमूट दुसऱ्या बाजूने स्टिअरिंगपुढे बसली, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि दोन्ही हात चाकावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मीही समोर बघत होतो. बराच वेळ गाडी का हलत नाही ते मला कळेना.

"काका," ती शेवटी म्हणाली, "गाडी मी चालवायची का?"

वरच्या खिडकीत कुणीतरी खो खो हसलं. मी वर पाहिलं तेव्हा पडदा हलत होता. शेजारची असणार, तिला दुसरा उद्योग नाही. आम्ही जागा बदलल्या.

कन्येने आखून दिल्याप्रमाणे आधी वस्तुसंग्रहालय. त्याच्या दाराला कुलूप, रंगकाम चालू असल्याची पाटी, आणि ती पाटीही चांगली धुळकटलेली. मग नदीकाठची बाग. तिथे पाणी देत होते, आत सोडेनात. कन्येने एवढी योजना केली, पण आधी चौकशी करायची अक्कल नाही. हिला परदेशात पाठवायचं म्हणतात.

मी बागेच्या फाटकापाशी गाडी लावून हताश बसलो. पाहुणीने मात्र खिशातलं बिस्कीट काढून अर्धं मला दिलं आणि विचारलं, "काका, तुम्ही रोज कुठे जाता?"

"मी? मी कुठे जाणार? शिकवायला."

"मला ते गाव दाखवा."

ते काय दाखवायचं, मला कळेना. पण बसून राहण्यापेक्षा बरं म्हणून निघालो. इस्पितळामागचा चढ दाखवला, जिथे माझा प्रत्येक विद्यार्थी एकदा तरी गाडी बंद पाडतो आणि मागचे भोंगे वाजवून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. दूध केंद्रापुढचा गोल चौक दाखवला. तिथे एक शिवणकामवाल्या बाई बाहेर पडायची वाट सापडेना म्हणून फिरतच राहिल्या होत्या, शेवटी पेट्रोल कमी झालं तेव्हा मी चाक हातात घेतलं. गल्लीच्या तोंडावरची भिंत दाखवली. तिच्यावरचा पोचा आमच्याच गाडीचा आहे, आणि मालकाने तीन वेळा गिलावा करूनही तो तिथेच परत येतो, कारण शिकणारे बदलतात पण वळण तेच आहे. पाहुणी खाली उतरली, पोच्यावरून हात फिरवला आणि भिंतीसोबत माझा फोटो काढला. आयुष्यात इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

दुपारी भूक लागली तेव्हा बेकरीवाल्याकडे नेलं. तोही माझाच विद्यार्थी. काउंटरमागूनच ओरडला, "या ब्रेकमास्तर."

पाहुणीने त्याला विचारलं, असं का म्हणता. झालं. त्याला हेच हवं होतं. गरम पाव कागदात गुंडाळता गुंडाळता सांगायला लागला.

"मी यांच्याकडे शिकलो तेव्हा वाटायचं, आपण जन्मजात ड्रायव्हर आहोत. मांजर आडवं आलं, गाडी बरोबर थांबली. सिग्नल लागला, गाडी बरोबर थांबली. चाचणीच्या दिवशी शेजारी परीक्षक बसला, आणि पहिल्याच सिग्नलला गाडी थांबेचना. तेव्हा कुठे कळलं, की इतके दिवस गाडी मास्तर थांबवत होते. मी नुसता बसलो होतो."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. त्यातला दातांचा डॉक्टर म्हणाला, "अहो, माझंही तेच. यांच्याकडचं पहिल्या खेपेला पास झालेलं कुणी आहे का?"

मी सांगितलं की परीक्षक खडूस आहे. बेकरीवाला म्हणाला, "मास्तर, तेव्हाचा परीक्षक कधीच रिटायर झाला." या लोकांना गाडी शिकवली याचा मला कधीकधी पश्चात्ताप होतो. पाव मात्र त्याने चांगले दिले.

परतताना पाहुणी आपणहून तिच्या वडिलांचं सांगू लागली. ते शेतकरी आहेत, बोलायला अगदी कमी. ती निघाली त्या दिवशी म्हणाले, छपराची कौलं बसवायची आहेत, मला बसथांब्यावर यायला जमणार नाही. बस वळणावर आली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. ते छपरावर उभे होते.

"काका, त्यांच्या हातात हातोडी नव्हती," ती म्हणाली. "काहीच नव्हतं."

मी काच खाली केली. गाडीत फार कोंदट झालं होतं.

"आता ते बोलतात का?" मी विचारलं.

"आता खूप बोलतात. दर रविवारी फोन करतात. मला सांगायला काहीतरी हवं म्हणून ते आठवडाभर नवीन नवीन गोष्टी करतात. गेल्या आठवड्यात केक केला. वाईट झाला. ते अर्धा तास त्याच्याबद्दल बोलले."

घरी आलो तर कन्येची खोली बंद, आतून गाण्याचा आवाज. मी दार ठोठावल्यावर गाणं थांबलं आणि खोकला सुरू झाला. रेडिओ लावून पडली असावी. फळीवरची बिस्किटांची बरणी रिकामी झाली आहे. आजारात इतकी भूक लागणं चांगलं लक्षण, असं ही म्हणाली.

मी पाहुणीला म्हणालो, उद्याही ही उठेल असं दिसत नाही. तर म्हणाली, "सोमवारी नक्की बरी होईल, काका." मी विचारलं, तुला काय ठाऊक, तर खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर काही नव्हतं.

रविवार, ९ ऑक्टोबर

कन्या अजून आडवीच. लाल औषध आज तीनदा घेतलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं लिहायचं तर सकाळी गाडी पुसताना मी शीळ घालत होतो. आज पाहुणीला काय दाखवायचं हे मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं. गोदामाच्या मागचं मैदान. मोकळं, खाजगी, चारी बाजूंनी भिंत. उलटी गाडी घ्यायला मी सगळ्यांना तिथेच शिकवतो. मालक ओळखीचा आहे, किल्ली माझ्याकडे असते.

तिथे गेल्यावर पाहुणी म्हणाली, "काका, मी घरी ट्रॅक्टर चालवते. इथे गाडी चालवू का?"

ट्रॅक्टर आणि गाडी यात जमीनअस्मानाचा फरक आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे गाडी सुरू केली. कालची जागा आज तिला शोभत होती, हे कबूल केलं पाहिजे. पण गाडी जरा वेग घेते न घेते तोच आचका. पुन्हा निघाली, पुन्हा आचका. असं भिंतीपर्यंत.

"काका, गाडी बिघडली आहे का?"

"थोडी बिघडली आहे," मी म्हणालो.

तिने वाकून माझ्या पायाकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बातम्या सांगतात त्या आवाजात म्हणाली, "काका, गाडी चांगली आहे. तुमचा पाय दाबतो. जेवतानाही दाबतो. परवा मी तुमच्या मुलीला विचारलं, तिकडे थंडीचे कपडे कोणते नेशील, तेव्हा टेबल हललं."

मी तिला व्यवसायातली ही खोड समजावून सांगितली. वस्तऱ्याचा किस्साही सांगितला. ती हसली नाही.

"मांडी घालून बसा, काका," ती म्हणाली.

"गाडीत?"

"हो. बूट काढा. मांडी घाला."

पाहुणीचं मन कसं मोडणार? बूट काढले, सीट मागे सरकवली आणि पूजेला बसावं तसा मांडी घालून बसलो. इतक्या वर्षांत त्या सीटवर मी असा कधी बसलो नव्हतो. तिने गाडी सुरू केली. पहिल्या वळणाला माझा पाय मांडीखाली वळवळला, पण तो बाहेर काढेपर्यंत वळण संपलेलं होतं. भिंत जवळ आली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी भिंतीपासून चांगली हातभर अलीकडे, हळूच, आपणहून थांबली होती. म्हणजे तिने थांबवली होती. पहिल्यांदाच माझ्या गाडीत कुणीतरी दुसऱ्याने ब्रेक दाबला आणि मला तो अंगावर जाणवला. किती मऊ लागतो तो.

मग तिने मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या, मी मांडी घालून पाव खाल्ला आणि तिला केकमध्ये काय चुकलं असेल ते समजावलं. मला केकमधलं काही कळत नाही. पण तिच्या वडिलांच्या वतीने कुणीतरी बोलायला हवं होतं.

संध्याकाळी तिची मंडळी तिला न्यायला आली. निघताना ती दारातून वाकली, मग परत वळली आणि म्हणाली, "काका, माझे बाबा म्हणतात, तुमची मुलगी आली की ते तिला ट्रॅक्टर शिकवतील. ते फार ओरडतात. पण त्यांच्या ट्रॅक्टरला ब्रेक एकच आहे."

ही गालात हसली. कन्येच्या खोलीचं दार किलकिलं होतं. ते लगेच बंद झालं. बहुतेक वारा असावा.

जेवताना कुणीच जानेवारीचा विषय काढला नाही. मीच काढला. म्हणालो, "तिकडे थंडी कशी असते म्हणे?" टेबल हललं नाही. कारण मी खुर्चीवर मांडी घालून बसलो होतो. ही म्हणाली, "अहो, हे काय नवीन?" मी म्हणालो, पाठीला बरं असतं.

कन्या काही बोलली नाही. तिचा आवाज बसला होता ना. पण तिने सूप सोडून माझ्याकडे पाहिलं, आणि ती चार वर्षांची असताना सायकलवरून मागे वळून पाहायची, मी सीट धरली आहे ना हे बघायला, अगदी तशीच दिसली. तेव्हा मी सीट धरलेलीच असायची. कधी सोडलीच नव्हती.

सोमवार, १० ऑक्टोबर

कन्या ठणठणीत. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून न्हाऊन तयार. पाहुणीचं भविष्य खरं ठरलं.

मी गाडीची किल्ली तिच्यापुढे धरली. "शाळेत जायचंय ना? उत्तर द्यायला मीही येतो. तू चालव."

"कुठलं उत्तर देणार आहात, बाबा?"

"आधी शाळेपर्यंत ने. मग ठरवू."

"ठरवू" ऐकून तिचा चेहरा पडला नाही. "बघू" नव्हतं ना ते. मी बूट काढून मागच्या सीटवर टाकले आणि मांडी घातली. तिने एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि आरसा नीट केला. हसू दाबत होती की काय, कळलं नाही.

शाळेचा रस्ता इस्पितळामागच्या चढावरून जातो. तिथे गाडी बंद पडली. पडणारच. मागे दुधाची गाडी, तिने भोंगा वाजवला. आमची गाडी किंचित मागे सरकली. माझा पाय मांडीखालून निघू पाहत होता. मी दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला. कन्या माझ्याकडे बघेल असं वाटलं. तिने नाही पाहिलं. ब्रेक दाबला, गाडी धरली, दम घेतला, इंजिन सुरू केलं आणि आम्ही वर चढलो. चढ संपल्यावर ती गाणं म्हणायला लागली. शनिवारी तिच्या खोलीत रेडिओवर लागलं होतं तेच. खणखणीत आवाजात.

मला फार आनंद झाला आणि फार रडू आलं. दोन्ही एकदम कसं होतं ठाऊक नाही, पण झालं.

शाळेच्या फाटकापाशी तिने गाडी लावली. मला उतरताच येईना. मांडीखाली दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. ती फिरून माझ्या बाजूला आली, दार उघडलं, वाकून माझे बूट माझ्या पायात घातले.

"बाबा, डोळ्यांत पाणी का?"

"मुंग्या," मी म्हणालो. "चल, बाईंना सांगू, जानेवारीत तू जाते आहेस."

तिने मला फाटकापाशीच, सगळ्या शाळेदेखत मिठी मारली. मुंग्या अजून गेल्या नव्हत्या म्हणून मीही तिला जरा जास्त वेळ धरून उभा राहिलो.

संध्याकाळी हिला म्हणालो, तुझ्या त्या औषधाची कमाल आहे, दोन दिवसांत पोरीचा आवाज घंटेसारखा झाला. बाटलीत थोडं उरलं होतं, चाखून पाहिलं. सरबतासारखं गोड लागतं. हल्ली चांगली औषधं यायला लागली आहेत. ही उगाचच पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

मी मागून सांगितलं, "अगं, दुकानातून येताना त्याची एक बाटली आणून ठेव. जानेवारीत मला लागेल."

आतून हसण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग ही बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "दोन आणते. मलाही लागेल."